धरणारी आणि पिळणारा

मेंढीला दोनच सड असतात. डावा आणि उजवा. गाईसारखा चारांचा थाट नाही.

*

"नऊ नंबर कालपासून रुसली आहे. विचारलं तर तोंड फिरवते. दूध मात्र दिलं."
(चिठ्ठी. वहीचं पान आडवं फाडून, पेन्सिलीने.)

*

घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोड लागायला लागतो. हे काम थुंकीतल्या एका प्रथिनाचं.

*

जागा भरणे आहे: मेंढ्यांच्या आवाराची राखण, चारापाणी, दुधाचे नमुने. राहायला घर मिळेल. जोडपंच हवं. एकट्याने अर्ज करू नये.

*

एका सोमवारी मशीनवालीने मोजलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात ती एकूण चौदा वाक्यं बोलली. त्यातली पाच मशीनशी.

*

छोट्या कुपीचं झाकण एका हाताने उघडत नाही. करून पाहा.

*

आता हे सगळं एका दोरीत ओवायचं, तर सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीपासून करावी लागेल.

त्या खोलीत प्रथिनांचं वजन करणारं मशीन होतं आणि मशीन चालवणारी बाई होती. दारावर तिच्या नावाची पाटी होती, पण कुणी ती वाचत नसे. सगळे तिला मशीनवाली म्हणत. खोली बारमाही गार. तिथे स्वेटर घालून बसायची सोय नव्हती, कारण काम मेंढ्यांचं आणि स्वेटर मेंढीचाच. लोकरीचा एक तंतू नमुन्यात पडला तरी मशीन तो इमानेइतबारे मोजणार. म्हणून ती एकावर एक दोन सुती सदरे घालून काकडत बसे.

काम सांगायला सोपं होतं. मेंढीच्या कासेला आतून संसर्ग झाला की कास सुजते, लाल होते, दूध नासतं. पण हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिसायच्या आधी दुधातली प्रथिनं काही बोलतात का, हे शोधायचं होतं. दर सोमवारी बत्तीस मेंढ्यांच्या डाव्या-उजव्या सडांतून थोडं थोडं दूध काढायचं. चौसष्ट कुप्या. मंगळवारी बर्फाच्या डब्यातून त्या तिसऱ्या मजल्यावर यायच्या. मशीनवाली त्यातली चरबी काढून टाकी, प्रथिनांचे ठराविक जागी तुकडे पाडी, आणि मशीन त्या तुकड्यांचं वजन करी. मग संगणक एक भलंमोठं पुस्तक उघडून बसे, मेंढीच्या यच्चयावत प्रथिनांचं, आणि कुठला तुकडा कुणाचा ते लावून देई.

डब्याबरोबर एक कागद असे. त्यावर दोन रकाने: धरणारा, पिळणारा. नियमच तसा होता. एकाने मेंढी धरायची, दुसऱ्याने सड पुसून, झाकण उघडून दूध घ्यायचं. दोघांच्या सह्या.

धरणारी होती मेंढपाळीण आणि पिळणारा मेंढपाळ. मशीनवालीने दोघांना कधी पाहिलं नव्हतं. मेंढपाळाची सही म्हणजे काठीने मातीत ओढलेल्या रेघा. मेंढपाळिणीची गोल, घरंगळणारी, आणि शेवटच्या अक्षराखाली उगाच एक टिंब. चिठ्ठ्या तिच्याच. कुप्यांच्या मधे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या.

"चोवीस नंबरला आज वाटलं मी तिची आई आहे. मी नाही म्हटलं नाही."

"वारा फार. दोघांनी दिवसभर एकमेकांना 'काय?' एवढंच विचारलं."

"तुम्ही तिकडे कोण आहात? बाई की बुवा? दूध बघून काय कळतं तुम्हाला?"

पहिल्या अठरा आठवड्यांत सतरा चिठ्ठ्या आल्या. एका आठवड्यात आली नाही, तेव्हा मशीनवालीने डबा उलटा करून झटकून पाहिला होता. सगळ्या तिने खणात जपल्या. उत्तर एकीचंही दिलं नाही. डबा रिकामा आणि धुतलेला परत जायला हवा, आत काहीही ठेवू नये, असं डब्याच्या झाकणावरच छापलेलं होतं, आणि छापलेलं पाळायचं हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं.

एकोणिसाव्या आठवड्यापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. कुणीतरी दटावलं असेल, असं तिने धरलं. वाईट वाटलं. कामाला लागली.

त्याच आठवड्यापासून प्रथिनं बोलू लागली.

*

एकतिसाव्या आठवड्यात मोठ्या बाई स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. या सगळ्या संशोधनाच्या त्या प्रमुख. एरवी त्या कुणालातरी पाठवत.

"अगं, बघतेस काय अशी? हेच तर शोधत होतो आपण! संसर्गाची वर्दी देणारी दोन्ही प्रथिनं वर चढलीत. कासेला सूज नाही, दुधात पेशी वाढलेल्या नाहीत, मेंढ्या मजेत चरताहेत, आणि प्रथिनं मात्र ओरडताहेत."

"बाई, बत्तीसच्या बत्तीस ओरडताहेत."

"मग पसरलाय आजार."

"डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे. आजार इतका न्यायाने वागत नाही."

"तुला आनंद होतो का गं कधी कशाचा?" मोठ्या बाई हसून म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी गाडी येईल. सगळा कळप कापायचा, कासा आतून तपासायच्या. आत आजार दिसला की आपण जिंकलो."

"आणि नाही दिसला तर?"

"बत्तीस मेंढ्या गेल्या, एवढंच."

त्या गेल्यावर अत्तराचा वास तेवढा मागे राहिला. मशीनवाली बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. बत्तीस मेंढ्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. तरी नऊ नंबर रुसली की तोंड फिरवते हे तिला माहीत होतं. तिच्या ओळखीच्या माणसांपैकी कितीजणांबद्दल तिला एवढं माहीत होतं, हा हिशेब तिने मनातच आवरता घेतला.

ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे जंतूवाला बसे. त्याच दुधातले थेंब तो काचेच्या बशांवर पसरून काय उगवतं ते बघे.

"तुमच्या बशा काय म्हणतात?"

"म्हणतात, धुवा आम्हाला." तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही खाली? आज सूर्य कुठून उगवला?"

"एकोणिसाव्या आठवड्यापासून काही उगवतंय का? कासेच्या आजाराचं?"

"आजाराचं काही नाही. घाण उगवते. मी 'नमुना दूषित' असा शेरा मारतो आणि पुढे जातो. कुणी वाचत नाही माझे शेरे."

"कसली घाण?"

"तोंडात असते तसली. आता तिथे कुणी मेंढ्यांचे मुके घेत असेल तर मला काय ठाऊक!"

तो स्वतःच्याच विनोदावर हसत राहिला. ती जिन्यात पोचलीसुद्धा.

*

ज्या दोन प्रथिनांवर मोठ्या बाई खूश होत्या, त्यांचे तुकडे मशीनवालीने सुटे करून पाहिले. एकेका प्रथिनाचे पंधरा-वीस तुकडे पडतात. कास खरंच पेटली असती तर सगळेच वाढायला हवे होते. वाढले होते फक्त पाच. आणि हे पाच तुकडे मेंढीत आणि माणसात अगदी एकसारखे असतात. फक्त मेंढीचे असे जे तुकडे, ते जागचे हलले नव्हते.

ती खुर्चीत मागे टेकली.

प्रयोगाच्या पहिल्या आठवड्यात संगणकाला फार वेळ लागत होता. मेंढीच्या पुस्तकाबरोबर तो माणसाचं एक पुस्तकही चाळत असे, कारण हाताळणाऱ्याची कातडी, केस, काहीबाही नमुन्यात पडतंच. निकालातून माणूस शेवटी वगळायचाच, मग शोधा कशाला, असा विचार करून तिने ते पुस्तक काढून टाकलं होतं. मेंढीच्या दुधात माणसाचं काय काम? वेळ निम्मा झाला. तिला शाबासकीही मिळाली. आता कळत होतं ते असं: माणसाचे तुकडे येत राहिले, संगणकाला माणूस माहीतच नव्हता, म्हणून जे तुकडे मेंढीशी जुळले ते त्याने मेंढीच्या नावावर मांडले आणि उरलेले मुकाट्याने टाकून दिले.

तिने माणसाचं पुस्तक परत लावलं. संगणकाला चार तास लागले. त्या चार तासांत तिने टेबल पुसलं, कुप्यांचे गठ्ठे लावले, टेबल पुन्हा पुसलं.

तीन वाजता यादी आली. सगळ्यात वर अमायलेज. माणसाच्या थुंकीतलं, घास गोड करणारं. एक ते अठरा आठवड्यांत नाही. एकोणीसपासून प्रत्येक आठवड्यात, चौसष्टच्या चौसष्ट कुप्यांत.

तिने गोठवलेल्या जुन्या कुप्या बाहेर काढल्या आणि एकेक झाकण दिव्याखाली धरलं. अठराव्या आठवड्याची झाकणं गुळगुळीत होती. एकोणिसाव्याच्या कडांवर बारीक खळगे, दोन वर, एक खाली.

तिने आपली पिशवी डाव्या काखेत घट्ट आवळली, मेंढी समजून. उजव्या हातात कुपी घेतली. झाकण उघडायला तिसरा हात नव्हता. कुपी आपोआप तोंडाकडे गेली.

मग तिने सह्यांचे कागद काढले. 'धरणारा' या रकान्यात तीच गोल सही होती, टिंबासकट. पण अठराव्या आठवड्यापर्यंत ती कागदावर घरंगळत आली होती. पुढे ती इतक्या जोराने दाबून काढलेली होती की कागद मागून फुगला होता.

तेरा आठवडे कुणीही मेंढी धरायला नव्हतं. आणि हे तिच्या डोळ्यांसमोरून दर मंगळवारी गेलं होतं.

*

शनिवारी ती बसने तिकडे गेली. जाताना नव्या कुप्यांचा डबा काखोटीला मारला होता.

पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, कुंपण, आणि कुंपणापलीकडे फक्त वारा. मेंढपाळ साठीचा असेल. उंच, आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखा पोक काढून चालणारा. डबा पाहून तो जागीच थबकला.

"आज तर सोमवार नाही. काही चुकलं का?"

"काका, मी तिकडची. मशीनवर असते ती."

"अरेच्चा! म्हणजे, बसा ना ताई. तुम्ही बाई आहात होय? आमच्यात पैज लागली होती."

"कोण जिंकलं?"

"ती." त्याने खुर्ची पुसली. दारामागे बाईची एक चप्पल होती, दुसरी दिसत नव्हती. "बहिणीकडे गेलीय ती. येईल."

"तेरा आठवडे झाले, काका."

मेंढपाळाचा पुसणारा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"दुधाने. तुम्ही झाकण दातांनी उघडता ना? थुंकी सापडते त्यात."

त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "तोंड धुऊन घेत होतो हो ताई. दर वेळी. चूळ भरून, साबणाने ओठ पुसून. कळेल असं वाटलं नव्हतं." मग, "दुखलं का मेंढ्यांना काही? माझ्यामुळे?"

"नाही. मेंढ्या ठणठणीत आहेत. पण तुमची थुंकी मेंढ्यांचा आजार समजून मोजली गेली. त्यात माझीही चूक आहे. शुक्रवारी गाडी येणार आहे, बत्तीसही न्यायला."

मेंढपाळ उठला, कुंपणाचं फाटक उघडलं आणि म्हणाला, "चला, नमुने घ्यायला आलात ना? धरा तुम्ही. मी पिळतो."

सात महिने मेंढ्यांवर काम करून मशीनवालीने त्या दिवशी पहिल्यांदा मेंढीला हात लावला. वाटलं होतं त्याहून ती खूप गरम होती, आणि खूप जास्त माणूसघाणी. पहिलीने तिला चिखलात बसवलं. दुसरीने तिचा सदरा चावला.

"मान नका आवळू. तिला गुपित सांगायचंय का काही? गुडघे लावा, गुडघे. कडेला. हं. आता उभ्या राहा नुसत्या. ती म्हणायची, धरायचं म्हणजे धरायचं नाही, फक्त हलायचं नाही."

सोळाव्या मेंढीपर्यंत तिला जमायला लागलं. मेंढीचा श्वास तिच्या पोटरीला लागत होता. मेंढपाळ खाली बसून सड पुसत होता, दोन्ही हात मोकळे, झाकण दोन बोटांनी फिरवून उघडत होता, आणि ती हलत नव्हती. इतका वेळ दुसऱ्या कुणाच्या इतक्या जवळ ती कधी उभी होती, ते आठवायला तिला पुष्कळ मागे जावं लागलं.

"त्यांची सही तुम्हीच करता?"

"शिकलो. टिंब सोपं होतं. ती गोलाई काही केल्या जमेना." चौसष्टावी कुपी त्याने बर्फात रोवली. "जागा जोडप्याची आहे ताई. सही थांबली की जागा गेली. मग ती परत आली तर येणार कुठे?"

"भांडण झालं होतं?"

"भांडायला तरी काही लागतं ना. म्हणाली, मला बोलायचंय कुणाशी तरी. मी म्हटलं, मी आहे की. म्हणाली, तू आहेस रे, पण तू सगळं आधीच ऐकलेलं आहेस." तो हात धूत राहिला. "फोन उचलत नाही. बहीण उचलते. सांगते, बरी आहे."

मशीनवालीने मग सरळ सांगून टाकलं. थुंकी कशी आली ते अहवालात लिहिलं तर मेंढ्या जगतील. पण कारण लिहायचं म्हणजे हेही लिहावं लागेल की धरायला माणूस नाही, आणि कधीपासून नाही.

"आणि नाही लिहिलं तर गाडी येईल?"

"येईल."

"मग मला विचारायला एवढ्या लांब कशाला आलात?"

तिने डबा उचलला. फाटकाशी तो पुन्हा बोलला.

"एक सांगा. ती चिठ्ठ्या टाकायची डब्यात. वाचायचं का कुणी?"

"मी. सगळ्या ठेवल्यात. एकूण एक."

मेंढपाळाने मान हलवली. हळूहळू, बराच वेळ.

"मी तिला सांगायचो, अगं, वाचत असतील. ती म्हणायची, वाचलं असतं तर एखादा शब्द तरी आला असता."

डब्याच्या झाकणावर काय छापलंय ते मशीनवाली सांगू शकली असती. डबा तिच्या हातातच होता.

*

दूषित झाल्याचा अहवाल

नमुने: आठवडा १९ ते ३१.
काय सापडले: माणसाची लाळ.
कारण: कुपीचे झाकण दातांनी उघडले.
तसे का केले: धरायला माणूस नव्हता.
कधीपासून: आठवडा १९.
वेळीच का कळले नाही: माणसाची प्रथिने शोधणे मी पहिल्या आठवड्यात बंद केले होते.
ताजे नमुने (६४): लाळ नाही. संसर्ग नाही.
नमुने कोणी घेतले: पिळणारा, मेंढपाळ. धरणारी, मी.

*

मोठ्या बाईंनी अहवाल दोनदा वाचला. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तेरा आठवडे पाण्यात गेले."

"हो."

"तू ते पुस्तक काढलं नसतंस तर एकोणिसाव्या आठवड्यातच कळलं असतं."

"हो."

गाडी रद्द झाली. सह्यांच्या प्रकरणाचं पत्र वेगळं निघालं, ते मोठ्या बाईंच्याही हातात नव्हतं. मेंढपाळाला घर सोडायला पंधरा दिवस दिले. तो त्याच्या भावाकडे गेला; जाण्याआधी फोन करून एवढंच म्हणाला, की एकतीस नंबरला डावीकडून हात लावलेला चालत नाही, हे नव्या लोकांना सांगा. तिने तो निरोप कार्यालयात पोचवला. पुढे पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

नवं जोडपं तरुण होतं. दोघांच्या सह्या नीटस, शेजारी शेजारी, रकान्याबाहेर जराही न जाणाऱ्या. नमुने स्वच्छ. आता संगणक दोन्ही पुस्तकं चाळायचा आणि पुरते चार तास घ्यायचा. मशीनवाली ते चार तास बसून राहायची.

तिसऱ्या मंगळवारी तिने डबा धुतला, पुसला, आणि परत पाठवताना आत एक कागद ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. बरंच खोडून शेवटी एवढंच लिहिलं होतं: "तुम्ही दोघं तिकडे कसे आहात? इकडे मी एकटीच असते."

पुढच्या मंगळवारी चौसष्ट कुप्या आल्या. सह्यांच्या कागदावर खाली शेऱ्याची जागा असते, ती पहिल्यांदाच भरलेली होती.

"डब्यात कागद आढळला. काढून टाकला."

तिने कागद फाइलला लावला. सुती सदऱ्यावर दुसरा सदरा चढवला आणि पहिली कुपी मशीनमध्ये ठेवली.

मेंढपाळीण बहिणीकडे निघाली, तो अठराव्या आठवड्यातला बुधवार होता. पहाटेच्या बसमध्ये तिच्याखेरीज फक्त ड्रायव्हर होता, आणि अडीच तासांच्या वाटेत तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.